निनावी नाव

ज्या कागदावर नाव नाही की क्रमांक नाही, त्याची सरकारी कचेरीत फार परवड होते. तो या मेजावरून त्या मेजावर भटकतो आणि अखेर कोणाच्या तरी खणात कायमचा विसावतो. आम्हां कारकुनांना अशा कागदांचा राग येतो. आणि, खरे सांगावयाचे तर, थोडी मायाही वाटते. त्यामुळेच की काय, अमेरिकेतील मिशिगन सरोवरात सापडलेल्या एका निनावी नावेची हकीकत माझ्या मनातून जात नाही.

१९६७च्या नोव्हेंबरात त्या सरोवराच्या ग्रीन बे या भागात एका कोळ्याचे जाळे तळाशी अडकले. ते सोडविण्यासाठी फ्रँक हॉफमन हा पाणबुड्या सुमारे ११० फूट खाली उतरला. जाळे गुंतले होते एका शिडाच्या जहाजात! कोकणात वाढलेल्या माणसास याचा अचंबा वाटतो. आमच्या खाऱ्या पाण्यातील कीड बुडालेल्या लाकडाची चाळण करून टाकते. गोड्या पाण्यात ती जगत नाही. त्यातून तो तळ बारमाही थंड नि अंधारा. कुजणेही तेथे जणू दीर्घ रजेवर गेलेले.

जहाज कोणाचे, कोठले, काही कळेना. लोक त्यास 'गूढ नौका' म्हणू लागले. पाणबुड्यांनी चाचपडत तिच्या पोटातील गाळ उपसला आणि १९६९च्या जुलैत ती वर आणली. आतले पाणी काढताच ती आपल्या बळावर तरंगली! ओळखही पटली: 'अल्विन क्लार्क', १८६४ साली वादळात बुडालेली.

पुढचे वाचवत नाही. शंभर वर्षे पाण्याने सांभाळलेले लाकूड उन्हावाऱ्यात सुकले, आकसले, तडकले. त्यावरील उपचारांस पुरेसा पैसा मिळाला नाही. १९९४ साली उरलासुरला सांगाडा मोडून टाकण्यात आला. हॉफमनला मात्र दोष देववत नाही. हाती लागलेली वस्तू उजेडात आणावी, तिला तिचे नाव परत मिळवून द्यावे, ही ओढ मला चांगली परिचयाची आहे. आता तेथील पाणबुडे बहुधा नुसते पाहून वर येतात. पण १९८०नंतरच्या दशकात बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी तळची जहाजेही झाकण्यास आरंभ केला. म्हणजे खाली ठेवूनही सुटका नाहीच!

गेल्या आठवड्यात गावाहून वहिनींचे पत्र आले. "भावोजी, घर आता बंदच असते. आजोबांचा फणसाचा देव्हारा तुम्ही दिल्लीस न्यावा, नाहीतर वाळवी लागेल." येथील वैशाखातली लू त्यांनी पाहिलेली नाही. उत्तर अजून लिहावयाचे आहे.