कवडसा

कॅनडातील व्हिसलरच्या डोंगरउतारावर, सूचिपर्णी वृक्षांच्या दाट छायेत, मी नातवासह कॅमेरा घेऊन उभा होतो. वरून सायकलस्वार वाऱ्यासारखे येत. ताशी ३६ किलोमीटर वेगाची सायकल सेकंदाच्या शंभराव्या भागातही १० सेंटिमीटर पुढे सरकते. चित्र पुसट होणारच! शटर हजाराव्या भागापुरतेच उघडावे, तर रानात तेवढा प्रकाश नसे. अखेर वाटेवरच्या एका कवडशावर मी दृष्टी रोखली.

एक स्वार नेमका त्याच कवडशात कोसळला. मी कळ दाबली. नातू मात्र कॅमेरा टाकून चढाकडे धावला आणि मागून येणाऱ्यांना हात उंचावून थांबवू लागला. सुदैवाने त्या स्वाराला फारसे लागले नव्हते.

मुलांनो, ते छायाचित्र उत्तम उतरले आहे. परंतु ते भिंतीवर लावण्याचे धैर्य या जुन्या शिक्षकाला अद्याप झालेले नाही.