गप्पी मासे हौदातच बरे

पावसाळा लागला की डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडण्याची मोहीम निघते, आणि ते मासे ओढ्यात, तळ्यात, वाहत्या नाल्यातही ओतले जातात. याचा मला राग येतो. दुधनीसारख्या गावात तर हे मुळीच पटत नाही. इथले पाणी बोरी नदीवरच्या कुरनूर धरणातून येते. नळाला रोज पाणी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघर हौद, बॅरल, रांजण भरलेले असतात. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो तो याच साठवलेल्या पाण्यात. मग मासे ओढ्यात सोडून डेंग्यू कसा हटणार?

बाहेरचा मासा असा ओढ्या-नद्यांत सोडल्याने नुकसान काय होते, ते जपानकडे पाहून कळते. तिथल्या भातखाचरांत आणि संथ नद्यांत मेदाका नावाचा, थव्याने फिरणारा, जेमतेम 3-4 सेंटिमीटरचा मासा राहतो. मादी अंड्यांचा घोस काही तास पोटाशीच वागवते आणि मग पाणवनस्पतींना चिकटवते. 1994 साली कोलंबिया यानातून चार मेदाका अंतराळात गेले, तिथे त्यांचे मीलन झाले, अंडी घातली गेली, पिल्लेही बाहेर आली. एवढा कौतुकाचा मासा, पण पाचच वर्षांनी, 1999 मध्ये, जपान सरकारला त्याचे नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घालावे लागले. डास मारायला म्हणून 1916 साली तिथे आणलेला अमेरिकी गंबूशिया हे त्याचे एक कारण मानले जाते. तो थेट पिल्ले देतो, त्यामुळे झपाट्याने वाढतो. मेदाकाची पिल्ले खातो, मोठ्यांचे पर कुरतडतो. आता जपानमध्ये गंबूशिया पाळायला आणि सोडायला कायद्याने बंदी आहे. कालव्यांना काँक्रीट घातले आणि मेदाकाला अंडी चिकटवायला जागा राहिली नाही, हेही कारण आहेच. सगळा दोष एका माशाच्या माथी मारणे बरोबर नाही. पण आधीच खचलेल्याच्या उरावर आपण पाहुणा बसवला, हे कसे नाकारणार? आपल्याकडेही गंबूशिया 1928 साली इटलीहून डासांसाठीच आला.

कोणी म्हणेल, गप्पी म्हणजे गंबूशिया नव्हे. खरे आहे, गप्पी दक्षिण अमेरिकेचा आणि स्वभावाने मवाळ. पण कुळ तेच, पिल्ले देण्याची रीत तीच, आणि घाण पाण्यातही तग धरण्यात तर तो पुढेच. बोरी पुढे भीमेला मिळते. ओढ्यात सोडलेला मासा तालुक्याची वेस किंवा राज्याची हद्द विचारत नाही. बरे, देशी मासा डासांच्या अळ्या खात नाही असेही नाही. गोव्यात मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ॲप्लोकायलस या बोटभरही नसलेल्या देशी माशाचा मलेरियाच्या डासांविरुद्ध वापर करून पाहिला. त्या चाचण्या 1998 मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत.

दुसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. डेंग्यूने माणूस दगावतो, ओढ्यातल्या चार माशांचे काय घेऊन बसलात? माणूस आधी, यात वादच नाही. म्हणून तर घरातल्या हौदात, बंदिस्त टाकीत, उपसा नसलेल्या विहिरीत गप्पी जरूर सोडावेत; त्याला माझा विरोध नाही. तुंबलेल्या गटारीचे मात्र मला नीट उत्तर सुचत नाही. क्युलेक्स डास तिथेच वाढतो, आणि त्या पाण्यात जगेल असा स्वस्त मासा गप्पीच. पण पहिल्या मोठ्या पावसात तीच गटार ओढ्याला मिळते. गटार वाहती ठेवणे हा खरा उपाय. त्यात मासे ओतताना फोटो निघत नाहीत, हीच काय ती अडचण!

तेव्हा घरी कोणी गप्पी आणून दिले तर घ्या, हौदात सोडा आणि हौदावर झाकण ठेवा. उरलेले ओढ्यात ओतू नका, शेजाऱ्याला द्या.