काळियार भवनचा व्हरांडा

गुडघ्यांमुळे आईने सहली सोडल्या होत्या. "तुम्ही जा, मी घर सांभाळते," हे ठरलेलं उत्तर. म्हणून डिसेंबरात बडोद्याहून वेळावदरला जाताना हॉटेल न बघता वनखात्याचं काळियार भवनच धरलं. ते उद्यानाच्या दारातच आहे. खोल्या साध्या, जेवण त्याहून साधं. पण व्हरांड्यासमोर गवताळ माळ. भावनगरच्या महाराजांचं हे जुनं कुरण, १९७६ पासून राष्ट्रीय उद्यान, जेमतेम ३४ चौरस किलोमीटर. पूर्वी इथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार चाले.

संध्याकाळी आम्ही गाइडला घेऊन भोवत्या बघायला गेलो. थंडीत परदेशातून येणारे हे शिकारी पक्षी सूर्यास्ताला शेकड्यांनी गवतात उतरतात. आई व्हरांड्यातच बसली. तिला एकटं सोडल्याची मनात टोचणी होतीच.

परतलो तर तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. नीलगाय आहे."

सकाळी उठून पाहतो तर शाल गुंडाळून ती आधीच बाहेर! आम्ही गाडीतून पाहिलेल्यांपेक्षा जास्त काळवीट तिने बसल्या जागी मोजले होते.

निघताना मलाच विचारते, "गीरला असा व्हरांडा मिळतो का रे?"