उतरावयाचे कोठे?

मुंबईस जावयाचे ठरले की आमच्या घरी पहिली चर्चा गाडीच्या वेळेची होते आणि खरी चर्चा मुक्कामाची. गाडीतून खाली येणे आणि एखाद्याच्या घरी मुक्काम करणे या दोहोंसाठी मराठीत ‘उतरणे’ हे एकच क्रियापद आहे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने या दोन क्रियांत फारसे अंतर नव्हतेच. बोरीबंदरला उतरावयाचे ते गिरगावातल्या काकांकडे उतरण्यासाठी. बिऱ्हाड दोन खोल्यांचे असो की त्यात आठ माणसे नांदत असोत, पाहुण्याची वळकटी कोठेतरी पसरली जाईच. शहरात आप्त असता लॉजमध्ये राहणे म्हणजे आप्तपणावर पाणी सोडणे, ही समजूत तेव्हापासूनची. वस्तुतः लॉजमध्ये उतरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. खुद्द लोकमान्य टिळक मुंबईस आले की क्रॉफर्ड मार्केटनजीकच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसानही तेथेच झाले.

मुक्कामाचा प्रश्न अवघड होतो तो मुंबईच्या ठेवणीमुळे. बाहेरगावच्या माणसास मुंबई हे एकच गाव वाटते. पण ती तशी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला, तर त्याच दिवशी कुलाब्याची नोंद ७३ मिलिमीटरची होती. ज्या शहरातील दोन वस्त्यांवरचे आभाळसुद्धा एक नसते, तेथे ‘मुंबईतच तर आहे’ या शब्दांस काय अर्थ? बेटे जोडून झालेले हे शहर दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद आहे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून निघते, मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून. दोघींची गाठ पडते दादरला. म्हणून येथील अंतर किलोमीटरने मोजून भागत नाही. गाडी किती वेळा बदलावी लागते, पुलाचे जिने किती चढावे लागतात आणि आपण गर्दीच्या प्रवाहाबरोबर आहोत की उलट, या तिहींवर ते ठरते. सकाळचा लोंढा मुख्यतः दक्षिणेकडे वाहतो, संध्याकाळचा उत्तरेकडे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली आणि हा हिशेब काहीसा सौम्य झाला. परंतु तिचे स्थानक जवळ असेल त्यालाच.

तेव्हा वस्तीची निवड कामावरून करावी, हे उघड आहे. उच्च न्यायालयात किंवा मंत्रालयात खेटे घालावयाचे असतील, मुलांना वस्तुसंग्रहालय आणि गेटवे दाखवावयाचा असेल, तर फोर्ट-कुलाब्याची महागडी खोली एका अर्थी स्वस्तच पडते. लग्नकार्यासाठी, नाटकासाठी, दोन्ही रेल्वेंवर विखुरलेल्या सोयऱ्यांच्या भेटींसाठी दादरसारखे ठिकाण नाही. शेजारीच माटुंगा असल्याने सकाळच्या इडलीची व कॉफीची भ्रांत नाही. पहाटेचे विमान गाठावयाचे असेल त्याने अंधेरीकडे राहावे. इतके सर्वांस पटते. मात्र काम एकाचे, हौस दुसऱ्याची आणि पाय तिसऱ्याचे असले म्हणजे खरा पेच पडतो.

आमच्यावर तो २०२३ च्या पावसाळ्यात आला. आईस तपासण्यांसाठी परळला न्यावयाचे होते. परळ ही एके काळी गिरण्यांची वस्ती. पण १९२६ साली केईएम आणि १९४१ साली टाटा रुग्णालय तेथे उभे राहिल्यापासून साऱ्या देशाची दुखणी त्या चार रस्त्यांवर येऊन उतरतात. तपासण्या आठ दिवस चालावयाच्या होत्या. घरात मतांचा पाऊस पडला. धाकट्या बंधूंचे म्हणणे, आई कधी नव्हे ती मुंबईस येते आहे, तर समुद्र दिसेल अशी खोली घेऊ. डोंबिवलीच्या मामेभावाचा तर आग्रहच होता. वहिनींनी खाट मोकळी करून ठेवल्याचेही कळविले. त्यांच्या मायेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. परंतु डोंबिवली ते परळ हे अंतर ४० किलोमीटरच्या आसपास आणि रुग्णालयाची वेळ सकाळची. म्हणजे ऐन लोंढ्यात, लोंढ्याच्याच दिशेने, उपाशीपोटी जावयाचे. सत्तरी ओलांडलेल्या बाईस ते कसे झेपावे?

आम्ही रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर एका गल्लीत साधी खोली घेतली. घेण्यापूर्वी दूरध्वनीवरून जे प्रश्न विचारले, ते कोणत्याही जाहिरातीत सापडत नाहीत. खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट रात्रीही चालू असते काय? शौचालयात कमोड आहे काय? गरम पाणी किती वाजेपर्यंत येते? हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा? आणि गल्लीत पाणी साचते काय? हिंदमाता तेथून दूर नसल्याने हा शेवटचा प्रश्न अगत्याचा होता. व्यवस्थापकाने तुटक का होईना, पण सरळ उत्तरे दिली. खोलीस खिडकी होती, तीतून समोरच्या इमारतीचे नळ दिसत. ज्यांस एवढाही खर्च पेलत नाही अशा रुग्णांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. ज्याने स्वतःसाठी घर बांधले नाही, त्याचे नाव परक्या शहरातल्या निराधाराच्या निवाऱ्यास लाभावे, हे आम्हांस फार उचित वाटते.

डोंबिवलीस नकार कळविणे हे या साऱ्यांत सर्वांत जड काम होते. वहिनी फोनवर एवढेच म्हणाल्या, “भावोजी, आमचं घर एवढं का लांब आहे?” त्या बोलण्यात घराच्या अंतराहून दुसरेच अंतर मोजले जात होते, हे आम्हांस कळले. आम्ही युक्तिवाद केला नाही. तपासणीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गर्दी ओसरलेल्या गाडीने आल्या, सोबत मऊ भात, मेतकूट आणि दुधीची भाजी. आई सकाळच्या तपासणीनंतर अकरालाच परत येऊन पडली होती. वहिनी तिच्या उशाशी बसल्या, तिचे केस विंचरले, दोघी तासन्‌तास माहेरच्या गोष्टी बोलत राहिल्या. निघताना त्या आम्हांस म्हणाल्या, “आमच्याकडे असत्या तर यावेळी लोकलमध्ये असत्या.” पुढील दिवसांत त्या आणखी दोनदा आल्या.

पाहुणचार म्हणजे पाठ टेकण्यास दिलेली जागा, असे आपण फार दिवस समजत आलो. कारण तेव्हा दुसरी जागाच नव्हती. आता जागा पैशाने मिळते, आपले माणूस मात्र आपल्या पायांनीच यावे लागते. दमलेल्या माणसास प्रवास घडविण्यापेक्षा धडधाकट माणसाने तो करावा, यात नात्याचा अवमान तो कोणता? शहराचा नकाशा पुढे ओढून वस्ती शोधताना प्रथम आपल्यांतील सर्वांत थकलेले पाय कोणाचे, हे पाहावे आणि तेथून मोजण्यास आरंभ करावा. समुद्र राहून गेला तरी चालेल. आईने तो शेवटच्या दिवशी टॅक्सीतून पाहिला, आणि “चांगला आहे,” एवढे म्हणून खोलीवर परत चलण्याची खूण केली.