झाबुआत कोंबडा निवडताना

मेघनगर स्टेशनवर उतरून मध्य प्रदेशातील झाबुआकडे निघाले, की वाटेत भिल्लांच्या विखुरलेल्या वस्त्या लागतात. हा कडकनाथ कोंबडीचा मुलूख. कातडी, तुरा, मांस सारे काळे, म्हणून तिला कालामासीही म्हणतात. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

पैदाशीचा कोंबडा घ्यायला मी गेलो होतो. एक ऐटदार कोंबडा पसंत केला. पण घरच्या आजीबाईंनीच तो उचलून त्याचा पंख उलगडून दाखवला. पुढची दहा मोठी पिसे आणि मागची पिसे यांच्यामध्ये एक आखूड पीस असते. ते नव्हतेच, तिथे फट होती. दुसऱ्याचा पंख ताणून सोडला, तर पुढची पिसे मागच्यांखाली न सरकता बाहेरच लोंबत राहिली. हे दोन्ही कापायला न्या, पैदाशीला नको, असे त्या म्हणाल्या.

मी ओशाळलो. पूर्वी एका शेतकऱ्याला मी नुसता तुरा पाहून कोंबडा घेऊन दिला होता. पिल्लांच्या पंखांत फटी निघाल्या आणि पैदाशीसाठी ती कोणी घेईना. चूक माझी, नुकसान त्याचे.

तेव्हा मंडळी, नर असो वा तलंग, दोन्ही पंख उघडून पाहा. पिसे झडण्याच्या दिवसांतही फट दिसते, पण तिथे कोवळे पीस फुटत असते. अशा वेळी थोडे थांबा. खोड खरी असेल, तर पक्षी अंड्यामांसाला चालेल; पण ती पिल्लांत उतरते, म्हणून पैदाशीला ठेवू नका.