लंढौरची खिडकी

मसुरीच्या मॉल रोडवर केंब्रिज बुक डेपो हे छोटंसं दुकान आहे. कित्येक वर्षं शनिवारी दुपारी तिथे लहानथोरांची रांग लागायची. आत रस्किन बॉण्ड वाचकांच्या पुस्तकांवर सह्या करत बसलेले असायचे.

त्यांचा जन्म १९३४चा, कसौलीचा. दहा वर्षांचे असताना वडील गेले. शाळा संपल्यावर त्यांना इंग्लंडला धाडलं गेलं, पण तिथे जीव रमेना. डेहराडूनच्या ओढीनं त्यांनी पहिली कादंबरी लिहिली, ‘द रूम ऑन द रूफ’. तिला १९५७चा जॉन लेवेलिन ऱ्हीस पुरस्कार मिळाला. पुढे दिल्लीतली नोकरी सोडून, केवळ लेखणीवर जगायचं ठरवून ते मसुरीला आले आणि इथलेच झाले.

मॉल रोडची गर्दी मागे टाकून चढ चढलात की लंढौर लागतं. त्यांचं घर इथेच, आयव्ही कॉटेज. आसपास देवदार, ओक, दगडी भिंतींवर नेचे आणि मधूनच एका निळ्या पक्ष्याची शीळ. आपल्या सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचा हा हिमालयातला भाऊबंद! खिडकीतून दिसणाऱ्या अशाच साध्या गोष्टींवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं.

आता त्यांनी नव्वदी ओलांडली आहे. तेव्हा सहीसाठी दार वाजवू नका. त्यापेक्षा वाटेतल्या कठड्यावर दहा मिनिटं निवांत बसा, मोबाइल खिशात ठेवून. धुकं सरलं की खाली दरीत डेहराडून दिसतं. ज्याच्या ओढीनं एक मुलगा इंग्लंडहून परतला, ते गाव.