तिसऱ्यांदा त्याच गावी

यंदा पुन्हा ओर्व्हिएतोलाच आणि तेही दोन महिने राहायला जाणार, हे कळल्यावर आप्तेष्टांचे प्रश्न दोन प्रकारचे होते. पाहिलेलेच गाव पुन्हा कशाला, हा एक. दुसरा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, पण तोच खरा होता : यांना अशा अवस्थेत इतक्या दूर नेणे शहाणपणाचे आहे का? यांचे वय ७६. पार्किन्सनचे निदान होऊन पाच वर्षे झाली आहेत. तोल जातो, आवाज खोल गेला आहे आणि चालता चालता पाऊल मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे थांबते.

गाव ओळखीचे होते म्हणूनच धाडस केले. नव्या गावात वृद्ध माणसाची निम्मी शक्ती रस्ते शोधण्यात खर्च होते. येथे औषधाचे दुकान कोठे, सावलीतला बाक कोठे आणि पायऱ्या टाळून कसे जायचे, हे आम्हांला ठाऊक होते.

ओर्व्हिएतो रोमच्या उत्तरेस उंब्रिया प्रांतात आहे. ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या मऊ दगडाच्या उभ्या कड्यावर ते वसले आहे. रेल्वे स्थानक पायथ्याशी आणि गाव माथ्यावर. स्थानकासमोरूनच दोरखंडाने ओढली जाणारी छोटी गाडी वर जाते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या भारावर चाले, आता विजेवर चालते. हे पेशाने स्थापत्य अभियंता. ही माहिती त्यांनी मला तिन्ही वेळा, तितक्याच उत्साहाने सांगितली.

निघण्यापूर्वीची तयारी मात्र कंटाळवाणी, पण अटळ. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आधीपासूनच्या आजारांविषयीचे विम्यातले बारीक अक्षर मी भिंग घेऊन वाचले. आपल्या डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहिलेले इंग्रजी पत्र घेतले. गोळ्या दोन ठिकाणी विभागल्या, पण दोन्ही वाटे हातातल्याच पिशव्यांत ठेवले. घरमालकिणीकडून दारापासून न्हाणीघरापर्यंतची छायाचित्रे मागवली. उंबरा किती उंच, हे विचारल्यावर ती बहुधा हसली असावी.

खरी अडचण वेळेची होती. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि यांच्या गोळ्या घड्याळाला बांधलेल्या. वेळा कशा सरकवायच्या याचा तक्ता डॉक्टरांनीच करून दिला. मग त्या तक्त्याला गावाची साथ मिळाली. कॅथीड्रलच्या चौकातल्या मनोऱ्यावर चौदाव्या शतकातला एक कांस्य पुतळा हातोडीने घंटेवर तास ठोकतो. त्याचे नाव मॉरिझिओ. आमच्या घरी तो 'गोळीवाले काका' झाला.

दुपारी बहुतेक दुकाने बंद होत. पुण्याच्या माणसाला एक ते चार बंद दुकानांचे अप्रूप ते काय! पण येथे त्या वेळेत गावच निजे, म्हणून मीही निजत असे. शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला हवे : कित्येक महिन्यांत दुपारची सलग झोप मला प्रथमच मिळाली ती तेथे. दारावर घंटा नाही, फोन नाही आणि 'आता कसे आहेत?' हा प्रश्नही नाही.

उंब्रियातला पाव परंपरेने बिनमिठाचा असतो. माझ्या रक्तदाबाला तो मानवला, यांना मात्र शेवटपर्यंत बेचव लागला. गुरुवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो. तेथून भाज्या आणि त्याच प्रांतातली कास्तेल्लुच्चोची बारीक मसूर आणून मी आमटी करी. चीज दिसले की यांचा हात पुढे जाई. प्रथिनांमुळे गोळीचा असर मंदावू शकतो, म्हणून ते रात्रीच्या जेवणावर ढकलायचे, असा आमचा तह होता.

संध्याकाळी सारे गाव मुख्य रस्त्यावर फिरायला बाहेर पडते. कोणालाही कोठेही पोहोचायचे नसते. काठी टेकणारे, थांबणारे, वाटेत गप्पा मारणारे वृद्ध इतके, की यांचे थांबणे कोणाच्या ध्यानातही येत नसे. पाऊल अडले की पुढच्या दगडाचा सांधा पाहायचा आणि तो ओलांडायचा, ही युक्ती फिजिओथेरपिस्टने पुण्यात शिकवली होती. फरसबंदीवर तिला हवे तितके सांधे मिळाले. आजार बरा झाला, असे मी म्हणणार नाही. दोन रात्री फार वाईट गेल्या आणि एकदा परतीचे तिकीट अलीकडे आणायचे जवळजवळ ठरलेच होते.

कॅथीड्रलमध्ये सिन्योरेल्लीने रंगवलेले मृतांचे पुनरुत्थान आहे. माणसे जमिनीतून दोन्ही हात टेकून, नेट लावून वर येत आहेत. हे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अगं, यांनाही उठायला माझ्याइतकाच वेळ लागतो आहे."

शेवटच्या आठवड्यात आम्ही सान पात्रित्सिओच्या विहिरीपाशी गेलो. १५२७ साली रोम लुटले गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट या गावी आश्रयाला आला. वेढा पडलाच तर पाणी असावे म्हणून त्याने ती खोदवली. खोली ५३ मीटर. आत दोन गोल जिने एकमेकांभोवती वळत जातात. एकाने खेचरे उतरत, दुसऱ्याने पाणी घेऊन चढत, आणि त्यांची गाठ कधीच पडत नसे. मागच्या दोन्ही वेळा आम्ही बरोबर उतरलो होतो. या वेळी हे बाहेर बाकावर बसले.

"तू जाऊन ये."

"आणि अहो, तुम्ही?"

"मी कोठे जातो आहे? जा, पायऱ्या मोजून ये."

एकटी उतरले. मधल्या झरोक्यांतून पलीकडच्या जिन्यावरची माणसे क्षणभर दिसत आणि नाहीशी होत. तळाशी फार थांबले नाही. वर आले तेव्हा हे होते तेथेच, दोन्ही हात काठीवर ठेवून बसलेले.

"किती?"

"उतरताना दोनशे अठ्ठेचाळीस, चढतानाही तितक्याच."

"बरोबर," हे म्हणाले आणि हात पुढे केला. गोळीची वेळ झाली होती.